तुरीच्या मुळांवरील गाठी पोखरणारी माशी

तुरीच्या पिकाचे शत्रू कोण, असे मराठवाड्यातील किंवा विदर्भातील एखाद्या शेतकऱ्यास विचारले, तर घाटेअळी, शेंगमाशी, मर रोग आणि वांझ रोग ही नावे तो विनासायास सांगेल. घाटेअळी शेंगेला भोक पाडते, शेंगमाशीची अळी शेंगेतील कोवळा दाणा आतल्या आत फस्त करते, मर रोगाने उभे झाड वाळते. हे सर्व शत्रू जमिनीच्या वर आपला प्रताप दाखवितात आणि त्यामुळे नजरेस पडतात. परंतु तुरीचा आणखी एक शत्रू आहे. तो जमिनीखाली, मुळांपाशी, ऐन पावसाळ्यात आपले काम करतो. तो पान खात नाही, फूल खात नाही, शेंगेकडे तर फिरकतही नाही. तो खातो त्या तुरीच्या मुळांवरील नत्र साठविणाऱ्या गाठी. हा शत्रू म्हणजे एक चिमुकली माशी होय. शास्त्रात तिला 'रिव्हेलिया अँग्युलाटा' असे नाव आहे.

ज्या कुळात ही माशी मोडते ते कुळ सर्वसामान्य वाचकांस अपरिचित आहे. तिची अळी ज्या अन्नावर वाढते ते अन्नही कीटकसृष्टीत विरळाच आढळणारे आहे. आणि ती ज्या पिकावर जगते ते पीक तर महाराष्ट्राच्या रोजच्या जेवणातील वरणाचे पीक आहे. या तिन्ही कारणांसाठी या माशीची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

पंखांनी खुणा करणाऱ्या माश्यांचे कुळ

घरमाशी, डास, फळमाशी, शेंगमाशी या सर्वांचा समावेश द्विपंखी कीटकांच्या गणात होतो. इतर बहुतेक कीटकांना पंखांच्या दोन जोड्या असतात. या गणातील कीटकांना एकच जोडी असते. मागच्या जोडीच्या जागी दोन लहान दांडकी उरलेली असतात व ती उडताना तोल सांभाळण्याच्या कामी येतात. या गणातील एका कुळास 'प्लॅटिस्टोमॅटिडी' म्हणतात. इंग्रजीत या कुळातील माश्यांना 'सिग्नल फ्लाय' म्हणजे खुणा करणारी माशी असे सार्थ नाव आहे. जगात या कुळातील हजाराहून अधिक जाती ज्ञात असून त्यांपैकी बऱ्याचशा उष्ण प्रदेशांत राहतात. आंबा, पेरू आणि वेलवर्गीय भाज्यांची नासाडी करणारी फळमाशी हिचे कूळ वेगळे असले तरी ते या कुळाचे जवळचे आप्त आहे.

या माश्यांचे पंख काचेसारखे पारदर्शक असतात व त्यांवर काळे किंवा तपकिरी पट्टे अथवा ठिपके असतात. माशी पानावर बसली की स्वस्थ बसत नाही. थोडी पुढे चालते, थांबते, एक पंख हलविते, मग दुसरा हलविते, कधी दोन्ही पंख एकदम उघडते व मिटते. रेल्वेचा गार्ड निशाण दाखवितो तशी ही हालचाल दिसते. कुळाच्या नावाचा उगम तोच. या खुणा निरर्थक नसतात. नर व मादी यांनी परस्परांची जात ओळखावी, नराने मादीस आकृष्ट करावे, प्रतिस्पर्धी नरास दूर ठेवावे, यासाठी पंखांची ही भाषा वापरली जाते. प्रत्येक जातीचे पट्टे निराळे आणि त्या हलविण्याची रीतही निराळी.

या कुळातील 'रिव्हेलिया' ही प्रजाती बरीच मोठी आहे. तिच्यात शंभराहून अधिक जाती असून अनेक खंडांत त्या पसरलेल्या आहेत. अमेरिकेत आढळणाऱ्या रिव्हेलिया बॉस्सी या जातीच्या मीलनाचे वर्णन पिअरसोल यांनी १९०७ साली प्रसिद्ध केले. त्यात नर आपल्या तोंडातून द्रवाचा थेंब काढून मादीस भरवितो, अशी नोंद आहे. माश्यांच्या जगात असा पाहुणचार अपवादानेच पाहावयास मिळतो.

तुरीवरील रिव्हेलिया अँग्युलाटा या जातीचे नामकरण फ्रिड्रिख हेंडेल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केले. त्या वेळी ही माशी केवळ संग्रहालयातील टाचणीला टोचलेला एक नमुना होती. तिची अळी कशावर जगते, पिकाशी तिचा संबंध काय, याचा उलगडा होण्यास पुढे कित्येक दशके जावी लागली.

गाठ म्हणजे खताचा कारखाना

या माशीचे महत्त्व समजण्यासाठी ती जे खाते त्याचे महत्त्व आधी समजून घेतले पाहिजे. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्र वायूचा असतो. परंतु वनस्पतींना हा वायू जसाच्या तसा वापरता येत नाही. नत्र-समुद्रात उभे राहूनही पिके नत्रावाचून उपाशी राहतात. कडधान्यांनी मात्र या अडचणीवर तोड काढली आहे. त्यांच्या मुळांच्या केसांवाटे रायझोबियम गटातील जिवाणू आत शिरतात. मूळ त्यांच्यासाठी एक गाठ तयार करते. या गाठीत राहून जिवाणू हवेतील नत्राचे रूपांतर वनस्पतीला घेता येईल अशा संयुगात करतात आणि त्या मोबदल्यात वनस्पती त्यांना पानांत तयार झालेली साखर पुरविते. जर्मन शास्त्रज्ञ हेलरिगेल व विल्फार्थ यांनी १८८६ ते १८८८ या काळात हे रहस्य उलगडले. १८८८ सालीच हॉलंडच्या बायेरिंक यांनी गाठीतील जिवाणू वेगळे करून वाढविले.

काम करणारी गाठ चाकूने कापली तर आतून गुलाबी किंवा लालसर दिसते. हा रंग 'लेगहिमोग्लोबिन' या द्रव्याचा. माणसाच्या रक्ताला लाल रंग देणाऱ्या द्रव्याचेच हे वनस्पतीतील भावंड होय. नत्र स्थिर करणारे विकर प्राणवायूच्या संपर्काने निकामी होते. जिवाणूंना श्वसनासाठी तर प्राणवायू हवाच. हा पेच लेगहिमोग्लोबिन सोडविते. ते प्राणवायूला धरून ठेवते व जिवाणूंना मोजून मापून पुरविते. म्हणूनच गुलाबी गाठ ही चालू कारखान्याची खूण आहे. हिरवट वा तपकिरी पडलेली गाठ म्हणजे काम थांबलेला कारखाना.

तुरीचे झाड या नत्रावर स्वतः तर पोसतेच, पण मागे उरलेली मुळे व गळून पडलेला पाला यांच्या रूपाने पुढच्या पिकासाठीही काही ठेव ठेवून जाते. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या प्रयोगांत तुरीनंतर घेतलेल्या मक्याला हेक्टरी सुमारे ४० किलो नत्र दिल्याइतका लाभ झाल्याचे आढळले. तुरीचा बेवड चांगला, असे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले त्यामागील शास्त्र हेच.

माशीचे जीवनचक्र

रिव्हेलिया प्रजातीतील माश्यांच्या अळ्या या गाठींवरच जगतात. याच कुळातील इतर अनेक माश्यांच्या अळ्या कुजलेली वनस्पती किंवा सडके पदार्थ खाऊन वाढतात. त्या मानाने रिव्हेलियाने निवडलेले अन्न फारच निवडक आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात बी. ए. फूट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात या प्रजातीच्या अनेक जातींचा जीवनक्रम अभ्यासला. शेंगवर्गीय वनस्पतींच्या गाठी हेच या अळ्यांचे अन्न आहे, हे त्या अभ्यासाने स्पष्ट झाले.

प्रौढ माशी आकाराने अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास भरते. ती पिकाच्या पानांवर फिरते, पानांवरील गोड चिकट द्रव व तत्सम पदार्थ चाटते. पिकाला तिच्यापासून प्रत्यक्ष उपद्रव होत नाही. मीलनानंतर मादी झाडाच्या बुडख्याजवळ मातीत, बारीक भेगांत अंडी घालते. अंड्यातून बाहेर पडलेली अळी पांढुरकी असते. तिला पाय नसतात, डोके वेगळे दिसत नाही. तोंडाच्या जागी दोन बारीक काळ्या आकड्या असतात. या आकड्यांच्या बळावर ती मातीतून वाट काढीत मुळापर्यंत पोहोचते व गाठीचे साल फोडून आत शिरते.

आत शिरल्यावर अळीला दुहेरी लाभ होतो. भोवताली नत्रयुक्त, रसरशीत अन्न. आणि साल शाबूत असल्याने वाळण्यापासून व भक्षकांपासून संरक्षण. ती आतील गुलाबी गर खात जाते. गर संपला की गाठीचे केवळ टरफल उरते आणि त्यात माती व अळीची विष्ठा भरते. एक गाठ संपल्यावर अळी दुसरीत जाते. अशा रीतीने वाढताना ती दोनदा कात टाकते, म्हणजे तिच्या तीन अवस्था होतात. पूर्ण वाढलेली अळी गाठ सोडून मातीत येते आणि तिथे तिची शेवटची कातडी टणक होऊन पिंपाच्या आकाराचा तपकिरी कोष बनतो. याच कोषातून पुढे पट्टेदार पंखांची माशी बाहेर पडते.

अळी मूळ खात नाही, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. वाळवी किंवा हुमणी मुळांवर ताव मारते तेव्हा झाड सुकते आणि शेतकरी सावध होतो. रिव्हेलियाची अळी मुळाला धक्का लावीत नाही. झाड उभे राहते, पाणी शोषते, वाढतेही. फक्त त्याचा खताचा पुरवठा हळूहळू तुटत जातो.

पाटनचेरूचे संशोधन

तुरीवरील या माशीचा शास्त्रशुद्ध अभ्यास हैदराबादजवळील पाटनचेरू येथे इक्रिसॅटमध्ये झाला. १९७२ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या आवारात काळी भारी जमीन आणि तांबडी हलकी जमीन, अशा दोन्ही प्रकारच्या जमिनी आहेत. त्यामुळे एकाच हवामानात दोन जमिनींची तुलना करणे तेथील शास्त्रज्ञांना शक्य झाले. तुरीची रोपे मुळांसकट उपटून गाठी तपासल्या असता, काळ्या जमिनीत पोखरलेल्या गाठींचे प्रमाण तांबड्या जमिनीपेक्षा पुष्कळच अधिक असल्याचे आढळून आले.

हा निष्कर्ष महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. तुरीच्या उत्पादनात महाराष्ट्र हे देशातील आघाडीच्या राज्यांपैकी एक असून येथील तूर मुख्यतः मराठवाडा व विदर्भातील काळ्या जमिनींवर घेतली जाते. काळी जमीन ओल धरून ठेवते. अंडी, पातळ कातडीची अळी आणि कोष या तिन्ही अवस्था मातीत काढणाऱ्या कीटकाला अशी ओल मानवते, कारण कोरड्या मातीत अळी तग धरू शकत नाही.

गाठी पोखरल्या गेल्याने पिकाचे खरोखर किती बिघडते, हा पुढचा प्रश्न होता. झाड नव्या गाठी तयार करून थोडीफार भरपाई करू शकते. त्यामुळे गाठींचे नुकसान म्हणजे तेवढेच पिकाचे नुकसान, असे गणित मांडता येत नाही. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी इक्रिसॅटमधील कुमार राव व सितानंतम या शास्त्रज्ञांनी काळ्या मातीत वाढविलेल्या तुरीवर प्रयोग केले व त्यांचे निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाले. माशीचा उपद्रव झालेल्या झाडांत गाठींचे वजन घटले, नत्र स्थिर करण्याची क्रिया मंदावली, पानांचे क्षेत्रफळ व हरितद्रव्य कमी झाले, झाडाने घेतलेले नत्र कमी भरले आणि शेवटी दाण्याचे उत्पन्नही उतरले. गाठीतील घाव दाण्यापर्यंत कसा पोहोचतो याची साखळीच या प्रयोगाने दाखवून दिली.

सोयाबीनवरील भाऊबंद

अमेरिकेतील रिव्हेलिया क्वाड्रिफॅसियाटा या जातीची कथा या संदर्भात बोधप्रद आहे. या जातीच्या पंखांवर चार पट्टे असतात व तिचे नावही त्यावरूनच पडले आहे. ती मूळची तेथील रानटी शेंगवर्गीय झाडाझुडपांवर जगणारी माशी. सोयाबीन हे मूळचे पूर्व आशियातील पीक. अमेरिकेत त्याची लागवड मोठ्या प्रमाणावर होऊ लागली ती विसाव्या शतकात. समोर एवढे विस्तीर्ण ताट वाढलेले पाहून या माशीने रानातून शेतात प्रवेश केला आणि आज ती 'सोयाबीनच्या गाठींवरील माशी' म्हणूनच ओळखली जाते.

परदेशातून आलेले पीक आणि देशी कीटक यांची गाठ कशी पडते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. महाराष्ट्रात सोयाबीन व तूर ही आंतरपीक पद्धती गेल्या काही दशकांत सर्वत्र रुळली आहे. दोन्ही पिके गाठींची, दोन्ही काळ्या जमिनीतली. तेव्हा तुरीची मुळे तपासताना शेजारच्या सोयाबीनचीही दोन रोपे उपटून पाहणे शहाणपणाचे ठरेल.

ओळख कशी पटवावी

या उपद्रवाचे जमिनीवरील लक्षण म्हणजे पानांचा पिवळेपणा व खुंटलेली वाढ. परंतु ही लक्षणे फसवी आहेत. शेतात पाणी साचले तरी तूर पिवळी पडते. अन्नद्रव्यांच्या कमतरतेनेही पडते. म्हणून केवळ पाने पाहून निदान करणे धोक्याचे आहे. निदान मुळांवरच करावे लागते व ते कोणाही शेतकऱ्यास किंवा कृषी विद्यालयातील विद्यार्थ्यास सहज करता येण्याजोगे आहे.

पेरणीनंतर साधारण पाच-सहा आठवड्यांनी शेताच्या निरनिराळ्या भागांतून काही रोपे निवडावीत. रोप हाताने उपटू नये. उपटल्यास गाठी मातीतच तुटून राहतात. खुरप्याने किंवा कुदळीने भोवतालच्या मातीसह ढेकूळ काढावे, पाण्याच्या बादलीत ते भिजत ठेवावे आणि माती सुटल्यावर मुळे हलक्या हाताने धुवावीत. नंतर पुढील गोष्टी पाहाव्यात :

१) गाठी पुरेशा आहेत काय? मुळांवर गाठी नाममात्र असतील तर दोष माशीचा नसून जमिनीतील उपयुक्त जिवाणूंच्या अभावाचा असू शकतो.

२) गाठ कापल्यावर आतील रंग कोणता? गुलाबी असल्यास गाठ कार्यक्षम समजावी.

३) गाठीला भोक आहे काय व ती पोकळ लागते काय? बोटांत दाबल्यावर टरफल चेपले आणि आत माती आढळली, तर अळीने ती खाल्ली असे समजावे. ताज्या गाठीत पांढुरकी अळीही सापडते.

४) गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली आहे की मूळच सुजले आहे? जिवाणूंची गाठ बोटाने अलगद सुटते. सूत्रकृमींमुळे आलेली गाठ म्हणजे मुळाचीच सूज असते. ती सुटत नाही.

सापडलेली अळी ओलसर माती व काही गाठींसह बरणीत ठेवून तोंडाला पातळ कापड बांधले, तर काही दिवसांनी पट्टेदार पंखांची माशी बाहेर पडलेली पाहता येईल. शाळा-महाविद्यालयांतील जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना यासारखा सोपा व उद्बोधक प्रयोग क्वचितच मिळेल.

उपाययोजनेची दिशा

पिवळी तूर पाहून पहिला हात युरियाच्या पोत्याकडे जातो. येथेच विचार करावयास हवा. जमिनीत तयार नत्र मुबलक असले की कडधान्याचे पीक नव्या गाठी बनविण्याचे कष्ट घेत नाही. म्हणजे ज्या कारखान्याची मोडतोड झाली आहे त्याची दुरुस्तीही आपण थांबवितो. तुरीस पेरणीच्या वेळी हेक्टरी २५ किलो नत्र व ५० किलो स्फुरद देण्याची शिफारस आहे. यातील नत्र हे गाठी कामास लागेपर्यंतची शिदोरी आहे आणि स्फुरद हे मुळांच्या व गाठींच्या वाढीस पोषक आहे.

दुसरी घाई होते ती जमिनीत कीटकनाशक ओतण्याची. पूर्वी जमिनीतील किडींसाठी आल्ड्रिनसारखी दीर्घकाळ टिकणारी विषे वापरली जात. आल्ड्रिनवर भारतात १९९६ साली बंदी घालण्यात आली आहे. गाठीच्या आत दडलेल्या अळीपर्यंत विष पोहोचविणे कठीण. पोहोचविण्यासाठी जेवढे वापरावे लागेल, तेवढे जमिनीतील उपकारक जिवांना व पाण्याला बाधक. म्हणून या किडीबाबत झाडाचे बळ वाढविण्याकडेच लक्ष द्यावे हे उत्तम.

त्यासाठी परिचित गोष्टीच काळजीपूर्वक कराव्या लागतात. बियाण्यास बुरशीनाशक लावल्यानंतर, पेरणीपूर्वी, १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम या प्रमाणात रायझोबियम जिवाणू संवर्धक गुळाच्या थंड पाण्यातून चोळावे आणि बियाणे सावलीत सुकवावे. सुरुवातीसच गाठी भरपूर आल्या तर काही माशीच्या वाट्यास जाऊनही पिकास पुरेशा उरतात. भारी जमिनीत रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरणी केल्यास जादा पाणी सरीतून वाहून जाते व मुळांना हवा मिळते. गाठींना हवेतील नत्र व श्वसनासाठी प्राणवायू दोन्ही हवे असल्याने निचरा हा त्यांचा प्राणच आहे. त्याच शेतात दरवर्षी शेंगवर्गीय पीक न घेता ज्वारीसारख्या तृणधान्याची फेरपालट करावी. गाठीच नसल्या तर अळीला अन्नही नाही. उन्हाळ्यातील खोल नांगरटीने मातीतील कोष वर येतात आणि ऊन व पक्षी यांच्या तावडीत सापडतात.

कडधान्याच्या संशोधनात आजवर शेंगेकडे अधिक लक्ष गेले, आणि ते स्वाभाविकही होते, कारण दाणा शेंगेत असतो. परंतु शेंगेतील प्रथिन म्हणजे मुळावरील गाठीत बांधलेले नत्रच होय. गाठ पोकळ झाली तर दाणा कोठून भरणार? घाटेअळीसाठी शेतकरी फुलोऱ्यापासून दररोज शेतात फेरी मारतो. त्याच्या आधी, श्रावणातील एखाद्या उघडिपीच्या दिवशी, चार झाडे खणून त्यांची मुळे धुऊन पाहण्याची सवय लागली, तर आपल्या तुरीचा खताचा कारखाना चालू आहे की कोणी आतून पोखरला आहे, हे वेळीच कळेल. त्यासाठी खर्च येतो तो फक्त बादलीभर पाण्याचा.